पावतीपुस्तकातला करोना

2020 च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत ग्रामसेवक होतो. आता सेवानिवृत्त आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं जाणंयेणं अजून आहे आणि ते तसंच राहावं अशी इच्छा आहे. ग्राम दक्षता समितीत सरपंचबाई अध्यक्ष. शिवाय मी, तलाठी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि आशाताई. नियम मुंबईहून आणि रत्नागिरीहून यायचे, पण दंडाची पावती माझ्या सहीने फाटायची. सरकारवर लोकांचा भरवसा किती आहे, हे पावती घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायची त्या काळात मला सवय लागली. त्यातून जे कळलं ते लिहितो. क्रमाला फार अर्थ नाही, जसं आठवलं तसं मांडलं आहे.

1. पावती फाडली तर तो दंड, नाहीतर वसुली.

पहिल्या लॉकडाऊनच्या आठवड्यातच वाड्यावाड्यांतल्या पोरांनी रस्त्यांवर बांबू आडवे बांधले. कुठे माडाचं खोड, कुठे जांभ्या चिऱ्यांची रास. पोरं मनापासून राबत होती, रात्र रात्र जागत होती, हे आधी कबूल केलं पाहिजे. पण नाक्यावर उभं राहिलं की अंगात अंमल येतो आणि अंमल आला की हात पुढे होतो. मास्क नाही, काढ शंभर. दुसऱ्या वाडीतला इकडे कशाला आलास, काढ दोनशे. गावकीने तर बैठक घेऊन ठरवलं, की मुंबईहून येऊन जो विलगीकरण मोडेल त्याच्याकडून पाच हजार घ्यायचे. ठराव माझ्यापुढे सहीला आला. मी विचारलं, कुठल्या कायद्याखाली? उत्तर मिळालं, "गावाच्या."

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात जेवढा दंड लिहिला आहे तेवढाच घेता येईल, आणि तोही नमुना 7 च्या सामान्य पावतीवर, हे गळी उतरवायला मला बरंच बोलावं लागलं. पाच हजारांच्या ठरावावर मी सही केली नाही. काही जण माझ्यावर महिनाभर रुसले. पुढे मी आणखी एक गोष्ट केली, जी कुठल्या परिपत्रकात सांगितलेली नव्हती. ग्रामपंचायतीच्या फलकावर दर आठवड्याला लिहायला लागलो, की दंडाचे इतके जमले, त्यातून शाळेत ठेवलेल्या माणसांसाठी इतका तांदूळ, इतकी डाळ, इतकं फिनेल आणलं. दंड भरणारा माणूस त्यानंतरही शिव्या घालायचा, पण मला, तोंडावर. पोरांनी पैशांची कोंबडी खाल्ली ही कुजबुज थांबली.

मुंबईत मास्क नसल्याचा दंड आधी 1000 रुपये होता, तो 2020 च्या सप्टेंबरात 200 वर आणला. ती बातमी वाचून मला बरं वाटलं होतं. हजार रुपये म्हणजे मजुराचा दोन-तीन दिवसांचा रोज. एवढा दंड सरळ वसूल होत नाही. घासाघीस सुरू होते, आणि घासाघीस सुरू झाली की पावतीपुस्तक खिशातच राहतं.

2. आपला साथीचा कायदा फक्त एका बाजूने बोलतो.

साथरोग अधिनियम, 1897 मी या निमित्ताने पहिल्यांदा पूर्ण वाचला. दोन पानांत संपतो. मूळ कलमं चारच. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला साथ रोखण्यासाठी लागतील ते नियम करायचा अधिकार. तिसऱ्यात, नियम मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या 188 व्या कलमाखाली शिक्षा. चौथ्यात, सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. संपलं. घरात बसवलेल्या माणसाला जेवू कोण घालणार, त्याचा बुडालेला रोज कोण देणार, त्याला दवाखान्यात कोण नेणार, यावर एक शब्द नाही.

तो कायदा कोणत्या घाईत झाला हे पाहिलं की नवल वाटत नाही. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला, आणि 4 फेब्रुवारी 1897 ला कायदा तयार होता. त्यानंतर पुण्यात रँड साहेब आले आणि गोरे सोजीर घराघरांत शिरले. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत एक गोष्ट मात्र तितकी सांगत नाहीत. रोग्याला वेगळं ठेवावं, याला पुण्यातल्या शहाण्या पुढाऱ्यांचा विरोध नव्हता. टिळक स्वतः शहरात थांबले आणि हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय उभारायला पुढे आले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. चीड होती ती बूट घालून देवघरात शिरण्याची, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासण्याची, सामान जाळण्याची.

2020 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून या कायद्यात भर घातली. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. हल्लेखोरांना शिक्षा व्हायलाच हवी, त्यावर माझा वाद नाही. पण सव्वाशे वर्षांच्या कायद्याची शिवण उसवायची वेळ आली तेव्हा आत काय घातलं, तर आणखी शिक्षा.

रेशनवर माणशी महिना पाच किलो फुकट धान्य मिळालं, शिवभोजनाची थाळी पाच रुपयांत मिळाली, हे खरं आहे आणि त्याने पुष्कळ घरं तगली. पण ते आलं योजना म्हणून, उपकाराच्या भाषेत. शिक्षा आली ती कायदा म्हणून. माझ्या नाक्यावरच्या अडाणी म्हाताऱ्यालाही हा फरक कळत होता. तो म्हणायचा, "देतात तेवा फोटो काढतात, घेतात तेवा पावती."

3. वरच्या माणसाला सूट मिळाली की खालचा नियम त्याच दिवशी मरतो.

8 एप्रिल 2020 च्या रात्री डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या वाधवान कुटुंबातली आणि त्यांच्या सोबतची मिळून 23 माणसं पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेली. राज्यभर संचारबंदी होती. त्यांच्याजवळ गृहखात्याच्या प्रधान सचिवांनी दिलेलं पत्र होतं. बोभाटा झाल्यावर त्या कुटुंबावर गुन्हा दाखल झाला, त्यांना पाचगणीत विलगीकरणात ठेवलं आणि ते अधिकारी सक्तीच्या रजेवर गेले. चौकशी झाली, अधिकारी कामावर परत आले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पुण्याचे पोलीस आयुक्त झाले.

आमच्या गावात वर्तमानपत्राची गाडी तेव्हा येत नव्हती, पण ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येक फोनवर होती. बापाच्या बाराव्याला ठाण्याहून गावी यायला पास न मिळालेली माणसं आमच्याकडे होती. त्यातला एकजण फोनवर मला म्हणाला, "काय ओ भाऊ, त्यांचा विषाणू निराळा हाय काय?" मी काय सांगणार. पुढे आठ-पंधरा दिवस मी कुणालाही अडवलं की तोंडावर एकच येई, "पत्र आणू काय सचिवाचं?"

हे आपल्याकडेच होतं असं समजायचं कारण नाही. माझा भाचा तेव्हा इंग्लंडमध्ये होता, त्यामुळे तिकडच्या गोष्टी कानावर येत. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरीन काल्डरवूड लोकांना घरी बसा म्हणून सांगत होत्या आणि स्वतः दुसऱ्या घरी जाऊन आल्या. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना पद सोडावं लागलं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लंडनहून डरहमला गेले, मे महिन्यात ते उघड झालं, आणि जॉन्सन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी त्या काळात हजारो लोकांना सतत प्रश्न विचारले होते. त्यांचा निष्कर्ष ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. कमिंग्ज प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये सरकारवरचा भरवसा घसरला, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या लोकांचा त्यांच्या सरकारांवरचा भरवसा तसा घसरला नाही. पुढे 2022 च्या एप्रिलमध्ये खुद्द जॉन्सन यांनाच कार्यालयातल्या वाढदिवसाच्या जमावाबद्दल 50 पौंडांचा दंड झाला. पदावर असताना कायदा मोडल्याचं ठरलेले ते त्या देशाचे पहिले पंतप्रधान. रक्कम किरकोळ आहे, पण निदान तिथे पंतप्रधानाच्या नावाने पावती फाटली. भाच्याला मी तेवढंच म्हटलं.

4. भरवसा कसा परत येतो, हे मी शाळेच्या व्हरांड्यात पाहिलं.

मे महिन्यात मुंबईकर यायला लागले. कोणी पास काढून, कोणी टेम्पोत, काही चक्क चालत. जिल्हा परिषदेची शाळा आम्ही विलगीकरणासाठी उघडली. चार वर्ग, एक व्हरांडा, मागे दोन संडास. बाकं भिंतीला लावून जमिनीवर चटया टाकल्या. गावातल्या बड्या घरांची माणसं मात्र "आमचं मागचं घर मोकळं आहे, तिथे राहतो" म्हणत थेट घरी जायला लागली. नियमाप्रमाणे वेगळी खोली, वेगळा संडास असेल तर घरी राहता येत होतं, पण तपासायला कोण जाणार? ज्यांचं घर एका पडवीचं, ते शाळेत, आणि ज्यांचा चौसोपी वाडा, ते घरी, असं दिसायला लागलं. शाळेतली माणसं कुरकुरायला लागली. एका रात्री तिघे भिंतीवरून उडी मारून निघून गेले. मी पावत्या फाडल्या. त्याचा उपयोग शून्य, कारण पुढच्या रात्री आणखी दोघे गेले.

आणि मग सरपंचबाईंचा धाकटा दीर डोंबिवलीहून आला, बायको आणि एका लहान मुलीसह. सरपंचबाईंचं घर मोठं, मागे माजघराला लागून दोन खोल्या रिकाम्या, स्वतंत्र संडास. नियमाने त्यांना घरी ठेवता आलं असतं. पोलीस पाटील तसं म्हणालेही. बाईंनी ऐकून घेतलं आणि दिराला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही शाळेत. पोरीला आणि जावेला आतल्या वर्गात जागा देते, तुम्ही व्हरांड्यात." सासू दारात उभी होती, तिने तोंड फिरवलं. दीर काही बोलला नाही, पण चटई उचलताना त्याचा चेहरा मी पाहिला.

पूर्ण विलगीकरण तो तिथेच राहिला. बाई रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी येऊन विचारायच्या, कुणाला काय हवं. दिराला वेगळं काही विचारलेलं मी ऐकलं नाही. डबा सगळ्यांना एकच यायचा, भात-आमटी आणि कधी कुळथाची पिठी. त्यानंतर वाड्यावाले दोघे-तिघे आपणहून शाळेत आले. भिंतीवरून उडी मारणं बंद झालं. पावतीपुस्तक त्या महिन्यात मी जवळजवळ उघडलं नाही. नंतरच्या निवडणुकीत बाई पडल्या, पण त्याचं कारण वेगळं होतं, पाण्याच्या टाकीचं. तो विषय इथे नको.

5. नियम बदलला तर चालतं. कारण सांगायला माणूस पाठवा.

कोकणात गणपती म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. वर्षभर कुलूप असलेली घरं त्या दिवसांत उघडतात. 2020 ला चतुर्थी 22 ऑगस्टला होती. आमच्या समितीचा हट्ट चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा, राज्य सरकारने ते दहा दिवसांवर आणलं. 12 ऑगस्टपर्यंत पोचायचं, त्यानंतर येणाऱ्याने चाचणी करून यायचं. एसटीने येणाऱ्याला ई-पास नको, स्वतःच्या गाडीने येणाऱ्याला हवा.

गावाने यावर जे काय विनोद केले ते छापण्यासारखे नाहीत. एसटीत विषाणूला अर्धं तिकीट मिळतं काय, हा त्यातला सौम्य. चार दिवसांचा फरक म्हणजे खासगी कंपनीत काम करणाऱ्या चाकरमान्याची चार दिवसांची रजा, म्हणजे कदाचित नोकरी. आणि ज्या देवळाचं छप्पर त्याच्या वर्गणीतून झालं, त्याच गावाने त्याला वेशीवर अडवायचं. भावाभावांत त्या ऑगस्टमध्ये जी अढी बसली ती काही घरांत अजून गेलेली नाही.

आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण मुलगा होता, आठवडाभर झोपलेला नसावा. तो वाडीवाडीत थोडी थोडी माणसं अंतरावर बसवून बोलला. लागण झाली तर लक्षणं बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच दिसतात, म्हणून दहा दिवसांत बराचसा धोका कळतो, हे त्याने साध्या शब्दांत सांगितलं. लोकांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले. एसटीच्या पासचं काय, या प्रश्नाला तो म्हणाला, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला पण ते पटलेलं नाही." सगळे हसले. मला वाटतं त्या एका उत्तराने त्याचं बाकीचं सगळं बोलणं खरं ठरलं. समितीने दहा दिवस मान्य केले.

6. आजाऱ्याला शिक्षा केलीत तर आजार लपतो.

मार्च 2020 मध्ये राज्यात घरी विलग केलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात झाली. शाई मतदानाची. कल्पना वाईट नव्हती, पण त्याच आठवड्यात हातावर शिक्का दिसला म्हणून गरीब रथ गाडीतल्या प्रवाशांना पालघरला उतरवलं गेलं, ही बातमी आली, आणि लोकांच्या मनात शिक्का म्हणजे डाग असं बसलं. आमच्याकडे ज्या वाडीत पहिला रुग्ण निघाला, त्या वाडीचा रस्ता बंद झाला, दूधवाला बंद झाला, आणि रुग्णाच्या नावासकट यादी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. यादी कुठून फुटली ते शेवटपर्यंत कळलं नाही. परिणाम लगेच दिसला. पुढचे कित्येक दिवस गावात कुणालाच ताप आला नाही. औषधांच्या दुकानात तापाच्या गोळ्या मात्र संपल्या.

तोडगा काढला तो आशाताईने. ती म्हणाली, "नाव मला सांगतील, पण मी ते कुणाला सांगायचं नाही, डॉक्टर सोडून. आणि वाडीचा रस्ता बांबूने बंद करायचा नाही." समितीत यावर भांडण झालं. शेवटी मान्य झालं. लोक तिच्याकडे बोलायला लागले, कारण बाळंतपणापासून लसीपर्यंत तीच त्यांच्या दारात आली होती. सरकार म्हणून लोकांनी जे काही पाहिलं होतं त्यात ती सगळ्यात जवळची होती. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली तेव्हा तापमापी आणि ऑक्सिमीटर घेऊन तीच घरोघर फिरली. करोनाच्या कामाचे तिला केंद्राकडून महिन्याला हजार रुपये जादा होते. 2021 च्या जूनमध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा गावात त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. मुंबईत मास्कचा दंड सुरुवातीला होता, तेवढाच तिचा महिन्याचा भत्ता.

7. उठाबशा ही शिक्षा नाही.

रस्त्यावर लोकांना उठाबशा काढायला लावलेल्या, बेडूकउड्या मारायला लावलेल्या चित्रफिती तेव्हा फिरत. लोक बघून हसायचे, मीही एकदोन पाहिल्या. कायद्यात अशी शिक्षा नाही. ज्याच्यावर आली तो पोलिसाला विसरत नाही. पोलिसांनीही त्या साथीत आपली पुष्कळ माणसं गमावली, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

8. एकाच समाजाला झोडपलं तर नियमाची इज्जत सगळ्यांसाठी जाते.

एप्रिल 2020 मध्ये दिल्लीतल्या तबलिगी मेळाव्याच्या बातम्या आल्यावर आमच्या गावातल्या मोहल्ल्याशी बाकी गाव अचानक वेगळं वागायला लागलं. पिढ्यान् पिढ्या मासळी घेऊन येणाऱ्या बायकांना नाक्यावरून परत पाठवलं. मोहल्ल्यातला मुलगा औषध आणायला निघाला तरी त्याला तासभर उभं करत. मी दोनदा जाऊन सोडवलं. पोरांचं म्हणणं, आम्ही नियम पाळतोय. नियम तोच होता, पण त्याची काठी एकाच पाठीवर पडत होती. पुढे मोहल्ल्यात ताप आला तेव्हा त्यांनी आशाताईला फार उशिरा बोलावलं. एक माणूस गेला. त्याला वेळेवर नेता आलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही.

21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी प्रकरणातल्या 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथ आली की सरकार बळीचा बकरा शोधतं आणि इथे या लोकांना निवडलं गेलं असावं, असं न्यायालयाने निकालात लिहिलं. ती बातमी गावात फारशी फिरली नाही. आधीच्या बातमीला लागले होते तेवढे फोन या बातमीला लागले नाहीत.

9. दोनशे रुपयांची शिक्षा सगळ्यांना दोनशेची नसते.

कलम 188 ची शिक्षा साधीच होती. एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड. जिवाला धोका होईल असं वागणं असेल तर सहा महिने किंवा 1000 रुपये. दुकानदाराला हे काहीच नव्हतं. पण आमच्या गावचा एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे उठून धावायचा. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मोटारसायकलवर तालुक्याला गेला आणि गुन्हा दाखल झाला. भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा दिसणार. त्याचा बाप माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, दोनशे काय, मी दोन हजार भरतो. पण पोराचं नाव काढा." नाव काढणं माझ्या हातात नव्हतं.

गंमत अशी, की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 195 व्या कलमाप्रमाणे 188 च्या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हा घ्यायचं ती संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवर. नुसत्या गुन्ह्याच्या नोंदीवर ते प्रकरण टिकेल की नाही हाच प्रश्न होता. म्हणजे शिक्षा व्हायची शक्यता कमी, आणि डाग मात्र पक्का. मार्च 2022 मध्ये तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी विद्यार्थी आणि नागरिकांवरचे असे गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं, ते बरोबरच झालं. त्याच महिन्याच्या शेवटी निर्णय झाला आणि गुढीपाडव्यापासून, 2 एप्रिलपासून, राज्यातले निर्बंध उठले. ज्यांनी दंड भरला होता ते मला भेटले की म्हणायचे, मग आमचे पैसे? ज्यांनी काहीच मोडलं नव्हतं, ते काही म्हणाले नाहीत. त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. नियम पाळणाऱ्याला सरकारने साधं आभाराचं पत्र पाठवल्याचं माझ्या माहितीत नाही, आणि ग्रामपंचायतीला तसं काही सुचलं नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. 188 च्या जागी आता कलम 223 आहे. एक महिन्याची कैद सहा महिन्यांवर गेली, 200 चे 2500 झाले. जिवाला धोका असेल तिथे सहा महिन्यांचं एक वर्ष आणि 1000 चे 5000 झाले. 1897 चा साथीचा कायदा मात्र अजून तोच आहे. विधी आयोगाने 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या 286 व्या अहवालात त्याचा आढावा घेतला, म्हणजे कधीतरी नवा मसुदा येईल. मसुदा आला की हरकती आणि सूचना मागवतात, आणि त्या तारखा गावात कुणाला कळत नाहीत. सरपंचांना, सदस्यांना माझी विनंती आहे, की त्या वेळी ग्रामसभेत ठराव करून एक मागणी पाठवा. ज्या पानावर दंडाचं कलम असेल, त्याच पानावर विलग केलेल्या माणसाच्या जेवणाचं, बुडालेल्या रोजाचं आणि दवाखान्याचं कलम हवं, आणि ते मोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावानेही पावती फाटली पाहिजे.